लाल माती, गंजके खिळे आणि मेटल डिटेक्टर

टेबलावर नाणे ठेवून वरून कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाची तारेच्या वेटोळ्यांची चकती फिरवली, तर कोणताही बरा मेटल डिटेक्टर फूटभर अंतरावरून खणखणीत वाजतो. तेच नाणे लाल, लोहयुक्त मातीत वीतभर खाली असले की तेच यंत्र गप्प बसते, किंवा लोखंडाचा आकडा दाखवून आपल्याला पुढे पाठवते. त्यात जागा जुन्या वस्तीची असली, पावलागणिक खिळे, पत्र्याचे तुकडे आणि बाटल्यांची बुचे असली, तर हेडफोनमध्ये नुसता कलकलाट. माणूस वैतागतो आणि ‘आणखी खोल जाणारे’ यंत्र शोधू लागतो. माझ्या मते चूक इथेच होते.

अशा जमिनीत दोन वेगळे त्रास एकत्र आलेले असतात. एक, माती स्वतः बोलते. दोन, कचरा बोलतो. हे दोन्ही आवाज हेडफोनमध्ये एकसारखेच त्रासदायक वाटतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. पण मातीवर जे औषध चालते ते कचऱ्यावर चालत नाही, उलट बऱ्याचदा अपाय करते. आपल्या जागेत दोहोंपैकी कोणाचा जोर जास्त आहे, हे ठरल्याशिवाय यंत्रांची तुलना करण्यात अर्थ नाही.

माती का बोलते

डिटेक्टरची कॉइल जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात. ते प्रवाह स्वतःचे छोटे क्षेत्र तयार करतात आणि कॉइलचा दुसरा भाग ते ऐकतो. हा प्रतिसाद किंचित उशिरा येतो. तांबे, चांदी यांसारख्या चांगल्या वाहकाचा उशीर वेगळा आणि पातळ फॉइलचा वेगळा. स्क्रीनवर दिसणारा आकडा म्हणजे मुळात या उशिराचेच मोजमाप.

आता मातीचे बघू. मातीत मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट ही लोहखनिजे असतात. बेसाल्टसारख्या काळ्या खडकापासून झालेल्या मातीत, जांभ्याच्या लाल मातीत आणि नदी-समुद्राकाठच्या काळ्या वाळूत ती भरपूर सापडतात. ही खनिजे कॉइलच्या क्षेत्राबरोबर स्वतःही चुंबकित होतात आणि कॉइलकडे उत्तर पाठवतात. एका कणाचे उत्तर नगण्य असते, पण कॉइलखाली असे अब्जावधी कण असतात आणि तेही नाण्यापेक्षा कितीतरी जवळ. नाण्याचा आवाज मात्र अंतराबरोबर भयानक वेगाने घटतो. जाणारे क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होते आणि परत येणारेही तसेच. म्हणून कॉइलच्या आकाराच्या मानाने लांब असलेली लहान वस्तू दुप्पट खोल गेली, तर तिचा सिग्नल सुमारे ६४ पटीने कमी होतो. खोल नाण्याची कुजबुज आणि मातीचा गोंगाट यांची ही बरोबरी अशी विषम आहे.

गोंगाटातून कुजबुज वेगळी काढण्याच्या युक्तीला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. मातीचे उत्तर ज्या उशिराने येते तो उशीर यंत्राला दाखवून द्यायचा आणि ‘एवढा सोडून बाकीचे ऐकव’ असे सांगायचे. माती सगळीकडे सारखी असती तर काम तिथेच संपले असते. पण दोन पावलांवर मातीचे मिश्रण बदलते, मध्येच एखादा लोहखनिजाने भरलेला दगड येतो आणि बॅलन्स बिघडतो. अशा दगडांना या छंदातले लोक हॉट रॉक म्हणतात.

इथे एक बारकावा आहे, ज्याकडे खरेदी करताना बहुतेकांचे लक्षच जात नाही. मातीत खनिज किती आहे आणि कोणत्या प्रकारचे आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. काही यंत्रे स्क्रीनवर दोन्ही दाखवतात. ग्राउंड बॅलन्सचा आकडा प्रकार सांगतो, तर शेजारची पट्टी किंवा दुसरा आकडा प्रमाण सांगतो. बॅलन्सचा आकडा मोठा आला म्हणून माती फार वाईट, असा निष्कर्ष काढू नये.

प्रकार महत्त्वाचा का, तर खनिजाच्या कणांचा आकार. मॅग्नेटाइटचे मोठे कण क्षेत्राबरोबर जागे होतात आणि क्षेत्र थांबले की थांबतात. पण सुमारे २० नॅनोमीटरचे, म्हणजे एका मिलिमीटरचे ५० हजार भाग केल्यावर त्यातल्या एका भागाएवढे कण तसे वागत नाहीत. क्षेत्र गेल्यावरही त्यांचे चुंबकत्व रेंगाळत उतरते. उशिरा येणारे उत्तर ही तर धातूची खूण, आणि तीच माती चोरते. मॅगहेमाइटचे असे बारीक कण आगीच्या धगीने मातीत तयार होतात. म्हणून जळालेल्या घराची जागा, जुनी चूल, भट्टी, वीटभट्टीचा परिसर इथे यंत्र जास्त गोंधळते. आणि जळालेल्या लाकडी घराने मागे काय ठेवलेले असते? शेकडो खिळे. खराब माती आणि खराब कचरा इतक्या वेळा एकाच ठिकाणी सापडतात, त्यामागे हे एक खरे कारण आहे.

कचऱ्याचा त्रास निराळा

१८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले नवे उपकरण घेऊन गेले. एकमेकांशी तोललेल्या कॉइल, म्हणजे तत्त्व आजच्या डिटेक्टरचेच. उपकरण चाचण्यांमध्ये चालले होते, पण रुग्णाजवळ ते भलतीकडेच आवाज देत राहिले. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली आणि गोळी निघाली डाव्या बाजूला. गारफिल्ड सप्टेंबरमध्ये गेले. भोवतालच्या लोखंडाने हवी ती वस्तू झाकून टाकण्याचे याहून जुने आणि याहून दुःखद उदाहरण मला माहीत नाही.

लोखंड चांगली वस्तू झाकते ते दोन प्रकारे, आणि हा फरक समजला की निवड पुष्कळ सोपी होते.

पहिला प्रकार वेळेचा. कॉइल खिळ्यावरून गेली, यंत्राने ‘लोखंड’ म्हणून आवाज दाबला. दाबलेला आवाज मोकळा व्हायला क्षणाचा काही भाग लागतो. तेवढ्यात कॉइल शेजारच्या नाण्यावरून निघून गेलेली असते. यावर उपाय यंत्रात असतो. त्याचे नाव रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका वस्तूतून सावरून दुसरी ऐकायला यंत्र किती लवकर तयार होते. खिळ्यांच्या जागेत हा वेग वाढवता येणे फार मोलाचे आहे. पण फुकट काही मिळत नाही. वेग वाढवला की यंत्राला प्रत्येक सिग्नल तपासायला कमी वेळ मिळतो आणि खोल, पुसट सिग्नल हातचे जातात.

दुसरा प्रकार जागेचा. खिळा आणि नाणे एकाच वेळी कॉइलखाली असतात. यंत्रापर्यंत दोघांची बेरीजच पोहोचते. खिळा वरच्या थरात आणि नाणे त्याखाली असेल तर ही बेरीज बहुतेक लोखंडासारखीच ऐकू येते. कितीही वेगवान यंत्र आणा, बेरजेतून दोन आकडे वेगळे निघत नाहीत. उपाय एकच: कॉइलखाली एका वेळी कमी वस्तू येऊ देणे. म्हणजे लहान कॉइल, आणि तीच जागा वेगवेगळ्या दिशांनी पुन्हा पुन्हा तपासणे. उत्तर-दक्षिण फिरवताना लपलेले नाणे पूर्व-पश्चिम फिरवताना डोके वर काढते, हा अनुभव येतो तेव्हा खरोखर अंगावर काटा येतो.

लोखंडाव्यतिरिक्तचा कचरा याहून त्रासदायक. ॲल्युमिनियमची फॉइल, पेयाच्या डब्याची कडी, डब्याचे कातरलेले तुकडे हे वाहकतेच्या पट्टीवर सोन्याच्या जागीच येऊन बसतात. त्यांचा आकडा गाळला की अंगठीही गाळली जाते. यंत्र धातूचे नाव ओळखत नाही. त्याला वाहकता, आकार आणि जाडी यांचा मिळून झालेला परिणाम तेवढा कळतो. पोलादी बूच हे तर मायावीच. चपट्या चकतीत भोवरी प्रवाह मोकळेपणाने फिरतात, त्यामुळे लोखंड असूनही ते नाण्यासारखे गोड वाजते. डब्याची कडी आणि अंगठी यांना हमखास वेगळे करणारे यंत्र आहे असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये.

दोन्ही एकत्र आले की

खनिजयुक्त जमिनीत नाणे जसजसे खोल जाते, तसतसा त्याचा स्वतःचा सिग्नल लहान होतो आणि मातीचा तेवढाच राहतो. दोहोंच्या बेरजेत मातीचे वजन वाढत जाते. मातीतले खनिज हे शेवटी लोहाचेच, त्यामुळे आकडा घसरत घसरत लोखंडाच्या बाजूला जातो. उथळ असताना स्पष्ट वाजणारे तांब्याचे नाणे थोडे खाली गेले की आकडा नाचू लागतो आणि आणखी खाली ते साफ खिळा वाटते. इथे डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज दाबण्याची सोय लावून लोखंड गाळत बसलात, तर खिळ्यांबरोबर खोल नाणीही गाळली जातात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून अशा जागेसाठी यंत्र निवडताना मी लोखंड किती सफाईने गाळते हे बघत नाही. लोखंड हलक्या, जाड आवाजात ऐकवण्याची सोय आहे का, ते बघतो. लोखंडाच्या आवाजाची पातळी वेगळी कमी करता आली पाहिजे. मग खिळ्यांची पार्श्वभूमी गुरगुरत राहते आणि तिच्यातून एखादा उंच सूर तुटक का होईना वर येतो. तो सूर आपला कान पकडतो. आकड्याचा भरवसा उथळ वस्तूंपुरता, खोलीवर कानाचाच.

कोणत्या जातीचे यंत्र

बाजारात ढोबळमानाने तीन घराणी आहेत.

पहिले, एकच वारंवारता वापरणाऱ्या साध्या यंत्रांचे, ज्यांना व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) म्हणतात. साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झची यंत्रे चांदी-तांब्याच्या जाड नाण्यांना अनुकूल, १३ ते २० ची मधली, आणि ४० च्या पुढची सोन्याच्या बारीक कणांसाठी. फिशर कंपनीचे गोल्ड बग २ तर ७१ किलोहर्ट्झवर चालते. यांच्यात लोखंड ओळखण्याची क्षमता चांगली, म्हणून कचऱ्यात ही कामाची. माती जड, म्हणजे लोहखनिजाने भरलेली झाली की मात्र खोली झपाट्याने घटते.

दुसरे घराणे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणाऱ्यांचे. ही कल्पना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बाजारात आली. २०१८ चे मिनलॅबचे इक्विनॉक्स आणि त्यानंतर इतर कंपन्यांची यंत्रे यांमुळे ती घरोघरी पोहोचली. तिचा खरा चमत्कार दिसतो तो खाऱ्या, ओल्या समुद्रकिनाऱ्यावर. मिठाचे पाणी वीज वाहून नेते आणि त्याचे उत्तर वारंवारतेप्रमाणे बदलते, काळ्या वाळूचे मात्र तसे बदलत नाही. एका वारंवारतेने हे दोन त्रास एकाच वेळी तोलता येत नाहीत, अनेकींनी येतात. कोरड्या लाल मातीत हा फायदा तेवढा मोठा राहत नाही. तिथेही आकडे जास्त स्थिर राहतात आणि नवीन यंत्रांचा वेगही चांगला असतो, पण ‘मल्टी’ या शब्दाने माती नाहीशी होत नाही. काही लोहमय जागांवर एकाच वारंवारतेवर ठेवलेले यंत्र अधिक शांत चालते. म्हणून दोन्ही पर्याय असलेले यंत्र बरे.

तिसरे घराणे पल्स इंडक्शनचे. हे यंत्र जोरदार झटका देते, झटका तोडते, काही मायक्रोसेकंद थांबते आणि मग ऐकते. तेवढ्या वेळात मॅग्नेटाइटचे उत्तर संपलेले असते, धातूतले प्रवाह मात्र अजून विरत असतात. कल्पना फार सुंदर आहे. त्या रेंगाळणाऱ्या बारीक कणांचे उत्तर मात्र उरतेच, म्हणून चांगल्या पल्स यंत्रांनाही ग्राउंड बॅलन्स लागतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात ॲडलेडच्या मिनलॅबने आणलेल्या एसडी २००० ने ऑस्ट्रेलियाच्या सुवर्णक्षेत्रांत सोने शोधण्याची रीतच पालटली, कारण तिथल्या लोहमय मातीत व्हीएलएफ जिथे हात टेकत होते तिथे हे यंत्र खोल ऐकू शकत होते. अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या कल्पेपर भागात यादवी युद्धाच्या काळातील शिशाच्या गोळ्या शोधणारेही तिथल्या लाल मातीमुळे पल्सकडे वळले.

याची किंमत मोजावी लागते ती कचऱ्यात. पल्सला खिळा आणि सोने यांतला फरक फारसा कळत नाही. काही यंत्रे लोखंड गाळण्याची सोय देतात, पण ती उथळ, मोठ्या तुकड्यांपुरती. खणण्याची तयारी लागते, रोजची, प्रत्येक सिग्नलसाठी. चौरस मीटरमध्ये दोन-तीन खिळे असतील तर ते जमते. तीस असतील तर दिवसभर खिळेच निघतात.

तेव्हा हिशेब असा: माती जड आणि कचरा विरळ असेल तर पल्स. कचरा दाट असेल, मग माती कशीही असो, वेगवान व्हीएलएफ किंवा मल्टी, लहान कॉइलसह. खोली गेली तर जाऊ द्यावी. खिळ्यांच्या गर्दीत बोटभर खोल नाणीसुद्धा आधी शोधणाऱ्यांच्या हातून निसटलेली असतात. ती मिळवायला खोलीची गरज नाही, वेगळे ऐकण्याची आहे.

कॉइलवर जास्त विचार करा

मला निवड करायची झाली तर मधल्या प्रतीचे यंत्र आणि उत्तम लहान कॉइल घेईन, वरच्या प्रतीचे यंत्र आणि सोबत येणारी ११ इंची कॉइल नव्हे. मोठी कॉइल जास्त माती ‘बघते’, म्हणून जड मातीत तिचा गोंगाटही मोठा, आणि दाट कचऱ्यात तिच्याखाली एका वेळी चार-पाच वस्तू येतात. ५ किंवा ६ इंची कॉइल दोन्ही त्रास एकदम कमी करते. संपूर्ण विषयात दोन्ही रोगांवर लागू पडणारे हे एकमेव औषध आहे. वेळ जास्त लागतो, एवढेच. यंत्र घेण्याआधी त्याला अशी लहान कॉइल मिळते का, याची खात्री करून घ्यावी. सगळ्यांना मिळत नाही.

डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डीच्या आकाराची दोन वेटोळी मधोमध एकमेकांवर चढवलेली असतात. तिचा कान पुढून मागे जाणाऱ्या अरुंद पट्टीत असतो, म्हणून ती माती कमी ऐकते आणि जवळजवळच्या वस्तू चांगल्या वेगळ्या करते. खनिजयुक्त जमिनीत तीच घ्यावी. तिचा दोष म्हणजे बूच आणि पत्र्याचे चपटे तुकडे तिला फसवतात. संशय आला की सिग्नलवरून कॉइल हळूच मागे ओढावी. कॉइलचे टोक निसटताना सूर तुटून जाड झाला, तर बहुधा लोखंडच. एकात एक वेटोळी असलेली कॉन्सेंट्रिक कॉइल चपट्या लोखंडाला कमी फसते, पण जड मातीत लवकर दमते.

पारखायचे कसे

जमिनीची ओळख यंत्राविनाही होते. एक बरे लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या मातीतून फिरवा. चुंबकाला काळ्या कणांची दाट मिशी फुटली तर माती जड आहे. आगीच्या धगीतले ते बारीक कण असे नीट कळत नाहीत, पण अंदाजाला हे पुरे. नंतर कोणाचे यंत्र मिळाले तर धातू नसलेल्या जागी बॅलन्स करून कॉइल गुडघ्याएवढ्या उंचीवरून जमिनीलगत वर-खाली करा. आवाज स्थिर राहिला तर उत्तम. दोन पावलांवर पुन्हा कुरकुर सुरू झाली तर माती जड तर आहेच, शिवाय बदलती आहे. आणि हाताने बॅलन्स करताना आकडा शेवटच्या टोकाला जाऊनही आवाज शांत होत नसेल, तर त्या यंत्राचा पल्ला या मातीला अपुरा आहे. बॅलन्स कारखान्यातच पक्का केलेली स्वस्त यंत्रे अशा जमिनीसाठी घेऊच नयेत. मातीतल्या बदलाचा आपोआप माग ठेवून बॅलन्स करणारी सोय असेल तर ती बंद करता येते का, तेही पाहावे. दाट कचऱ्यात ती खिळ्यांनाच माती समजून बॅलन्स भलतीकडे नेते.

हवेत घेतलेली चाचणी इथे निरुपयोगी, कारण हवेत मातीच नसते. त्याऐवजी त्याच खराब जमिनीवर एक नाणे ठेवावे, भोवती चार खिळे बोट-दोन बोटांवर मांडावेत आणि चारही दिशांनी कॉइल फिरवावी. किती दिशांनी उंच सूर निघतो, ते मोजावे. नंतर एक खिळा नाण्यावर आडवा ठेवून पुन्हा. दोन यंत्रांतला फरक या पाच मिनिटांत जितका कळतो, तितका माहितीपत्रकातून कधीच कळत नाही. याहून चांगली परीक्षा म्हणजे जागेवर सापडलेला पुसट, संशयास्पद सिग्नल लगेच न खणता खूण करून ठेवणे. त्यावरून दुसरे यंत्र, दुसरी कॉइल, दुसरा वेग फिरवून पाहावे आणि मगच खणावे. चाचणीसाठी आपण पुरलेल्या नाण्याभोवतीची माती उकरलेली असते, इथली मात्र मूळ बैठकीतली असते. अर्थात जमीनमालकाची परवानगी आणि जागा संरक्षित नसल्याची खात्री हे सगळ्याच्या आधी.

आणि यंत्र हातात आल्यावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता शेवटपर्यंत चढवायचा मोह आवरावा. जड मातीत ती वाढवली की मातीचा गोंगाटही तेवढाच वाढतो, यंत्र भांबावते आणि खोल वस्तू त्यात बुडून जातात. आवाज शांत होईपर्यंत ती उतरवत आणावी. जमीन फारच उग्र असेल तर कॉइल जमिनीला घासत नेण्याऐवजी दोन बोटे वर धरावी आणि ती उंची प्रत्येक फेरीत सारखी राखावी. फेरीच्या टोकाला हात नकळत वर जातो, तिथेच बॅलन्स सुटतो आणि खोटे सूर येतात. सेन्सिटिव्हिटी उतरवल्यावर जे सिग्नल ऐकू येतात त्यातले काही आधीच्या फेरीत, सगळे बटण वर असताना, अजिबात आलेले नसतात.